म्हातारबुवा जोरात!

लॅपटॉप म्हातारा झाला की जो तो एकच सल्ला देतो, ‘ॲनिमेशन, ट्रान्स्परन्सी, सगळे नखरे बंद कर, मशीन पळेल!’ माझा अनुभव मात्र अगदी उलटा आहे, मंडळी.

माझा लॅपटॉप २०१४ चा. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री, वेगळं ग्राफिक्स कार्ड वगैरे लाड नाहीत. विंडोज ११ च्या यादीत त्याला एन्ट्री नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. फ्रीलान्सरच्या खिशाला नवा ईएमआय म्हणजे टेन्शनच. मग काय, फेडोरा लिनक्सची केडीईवाली आवृत्ती टाकली. तीही सगळ्या नखऱ्यांसकट! आता विंडो ओढली की ती जेलीसारखी थरथरते आणि अख्खा डेस्कटॉप क्यूब होऊन गरकन फिरतो.

ही फॅशन तशी जुनीच. २००६ मध्ये नोव्हेलने कॉम्पिझ आणलं आणि हा क्यूब हिट झाला. ऑक्टोबर २००७ च्या उबुंटू ७.१० मध्ये तर कॉम्पिझ सोबतच आलं. केडीईतून मध्यंतरी गायब झालेला क्यूब २०२४ मध्ये प्लाझ्मा ६ सोबत परतला.

पण जुन्या मशीनला हे झेपतं कसं? फंडा सोपा आहे. प्रत्येक विंडोचं चित्र आधी मेमरीत बाजूला तयार होतं. मग ग्राफिक्स चिप ती सगळी चित्रं रचून स्क्रीनवर मांडते. विंडो हलवली, वाकवली, तरी आतला मजकूर पुन्हा रंगवावा लागत नाही. असली कामं प्रोसेसरमधली साधी चिपही आरामात करते. अपवाद ब्लरचा. मागचं चित्र सतत धूसर करत राहणं जड जातं, म्हणून तेवढा मी बंद ठेवलाय.

खरे व्हिलन वेगळेच. ब्राउझरचे वीस टॅब, ४ जीबी रॅम आणि फिरणारी हार्ड डिस्क! रॅम भरली की सिस्टिम डिस्कवर सामान टाकू लागते आणि गाडी तिथेच अडते. म्हणून मी खर्च केला तो दोनच गोष्टींवर. रॅम ८ जीबी केली आणि एसएसडी बसवली.

ट्राय करायचंय? आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह मोडमध्ये चालवून बघा. वाय-फाय, साउंड चालतं का, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, तपासा. पसंत पडलं तर बॅकअप घ्या आणि मगच इन्स्टॉल करा. ऑफिसचं एखादं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालत असेल, तर मात्र या भानगडीत पडू नका.

विंडो थरथरली म्हणून कुणाला प्रमोशन मिळत नाही, कबूल. पण जी वस्तू रोज दहा तास डोळ्यांसमोर असते, ती बघून बरं वाटलं तर आपण तिला आणखी दोन वर्षं हौसेने सांभाळतो. तेवढे हप्ते वाचले ना, बॉस!