चित्रकलेच्या पुढचे शिक्षण

“चित्रं काढून पोट भरतं का?” हा प्रश्न आपल्या घराघरांत विचारला जातो. आईबापांची काळजी खोटी नाही. म्हणूनच पदवीनंतरच्या डिझाइन शिक्षणाची माहिती आम्ही येथे देत आहोत.

पवईच्या आयआयटीत १९६९ साली ‘आयडीसी’ हे डिझाइनचे केंद्र सुरू झाले. तेथे एम.डेस. हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. वापरातल्या वस्तू, दृकसंवाद, ॲनिमेशन, वाहने असे त्याचे विषय. प्रवेशासाठी ‘सीड’ परीक्षा असते. बारावीनंतर किमान तीन वर्षांची पदवी वा पदविका घेतलेला कोणत्याही शाखेचा विद्यार्थी तिला बसू शकतो. जी.डी. आर्टवाल्यांनाही ती खुली आहे. वयाची अट नाही, कितीही वेळा बसता येते. मुलींना व अनुसूचित जाती-जमातींना परीक्षा शुल्क निम्मे असते. १९९० पासून बौद्धांनाही केंद्राच्या या सवलती मिळतात. म्हणून केंद्रीय नमुन्यातला जातीचा दाखला आधीच काढून ठेवावा.

२०१० साली सरकारने स्वीकारलेले रुपयाचे चिन्ह काढणारे डी. उदयकुमार मूळचे वास्तुकलेचे पदवीधर. पुढचे शिक्षण त्यांनी येथेच घेतले.

या परीक्षेत हाताच्या सफाईबरोबर निरीक्षण आणि कल्पकताही तपासतात. हातगाडी ओढताना खांदा कुठे भरतो, शिलाई मशीनवर पाठ का दुखते, हे आपल्या मुलांनी घरातच पाहिलेले असते. तेव्हा पालकहो, मुलीच्या हातातली पेन्सिल काढून घेण्याआधी एकदा चौकशी तरी करा!