वही बंद असू द्या

नववीत असताना माझ्याकडे एक शंभर पानी वही होती. पुठ्ठ्यावर 'भूगोल' लिहिलेलं, आत भूगोलाचं एक अक्षर नव्हतं. एका संध्याकाळी पाहुणे बसलेले असताना ती घरातल्या एका मोठ्या माणसाच्या हाती लागली आणि तिच्यातलं एक पान सगळ्यांसमोर वाचून दाखवण्यात आलं. लग्नघरात कुणीतरी माझ्या रंगावरून बोललं होतं, मी तिथं हसून वेळ मारून नेली होती आणि घरी येऊन चार वेळा साबणानं तोंड धुतलं होतं, एवढाच मजकूर. बोलणारी व्यक्ती त्या पाहुण्यांतच होती. सगळे हसले. मला रडू फुटलं तेव्हा समजूत म्हणून एक वाक्य ऐकवलं गेलं, "अगं, आपल्यात काय लपवायचंय?" दुसऱ्या दिवशी पहाटे ती वही मी पाणी तापवायच्या बंबात घातली. पुढची बावीस वर्षं स्वतःसाठी एक ओळ लिहिली नाही.

त्या माणसांवर आज माझा राग नाही. राग आहे तो त्या वाक्यावर. ते अजून घराघरांत बोललं जातं, आणि सुशिक्षित माणसं त्याला आणखी दोन-तीन वाक्यांची जोड देतात. डायरी म्हणजे स्वतःचं दुःख कुरवाळणं. फोनमध्ये सगळं असताना वही कशाला? आणि मोठमोठ्यांच्या डायऱ्या शेवटी छापल्याच गेल्या की! माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. स्वतःसाठी रोजनिशी लिहिणं ही माणसाची गरज आहे, आणि ती दुसऱ्या कुणी न वाचणं हाच तिचा प्राण आहे.

लपवणं आणि खासगी ठेवणं यांत आपण गल्लत करतो. देवासमोर हात जोडून उभ्या असलेल्या माणसाला "मनात काय मागितलंस?" असं कुणी दरडावून विचारत नाही. तिथं त्याचा एकांत आपण न सांगता पाळतो. वहीच्या बाबतीतच आपल्याला संशय का यावा? मला वाटतं, वही म्हटली की हिशेब, ही आपली जुनी सवय याला कारण आहे. रोजनिशी हा शब्दच आपल्याकडे दफ्तरातून आला. गणेश चिमणाजी वाड यांनी पेशवे दफ्तरातून निवडून काढलेल्या रोजनिश्या पाहाव्यात. सनदा, इनामं, नेमणुका, वसुली, निवाडे. कारभाराचा तो अस्सल पुरावा आहे, आणि तो कुणीतरी तपासावा म्हणूनच लिहिलेला आहे. घरातली कीर्द आणि दूधवाल्याचे खाडेही तसेच, कुणीही उघडून पाहावेत. मनाची नोंद ही वेगळी जात आहे. तिला तपासनीस नसतो.

"नवरा-बायकोत कसला पडदा?" असं विचारणाऱ्यांनी टॉलस्टॉयच्या घरात डोकवावं. 1862 मध्ये लग्नाच्या तोंडावर चौतीस वर्षांच्या टॉलस्टॉयनं अठरा वर्षांच्या सोफियाला आपल्या तरुणपणच्या डायऱ्या वाचायला दिल्या. हेतू प्रामाणिकपणाचा होता. त्या वाचून तिला बसलेला धक्का आयुष्यभर पुरला. पुढं दोघंही डायरी लिहीत राहिले, एकमेकांची वाचत राहिले, आणि त्या वह्या भांडणातली हत्यारं झाल्या. 1910 मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षाच्या आसपास, या जगविख्यात लेखकावर फक्त स्वतःसाठी म्हणून एक निराळी डायरी ठेवण्याची आणि ती लपवत फिरण्याची पाळी आली. तीही सोफियाच्या हाती लागली. त्याच वर्षी त्यानं घर सोडलं आणि अस्तापोवोच्या रेल्वे स्टेशनवर त्याचा अंत झाला. घर मोडायला इतर कारणंही होती, हे मी जाणते. पण उघड्या वह्यांनी ते सांधलं नाही, एवढं निश्चित.

गांधीजींचा दाखला मात्र असा झटकून टाकता येत नाही. आश्रमवासीयांनी रोजनिशी लिहावी असा त्यांचा आग्रह होता. मनुबेनची रोजनिशी ते स्वतः वाचत आणि तिच्यावर सही करत. सत्याला झाकण नको, ही त्यामागची भूमिका. मनुबेनची ती वही इतिहासाच्या दृष्टीनं अमोल आहे, यात शंका नाही. पण ज्या पानावर रात्री गुरूची सही होणार आहे, त्या पानावर शिष्य गुरूबद्दलची शंका किती मोकळेपणानं लिहील? ती साधनेची नोंद आहे, गुरूला दिलेला जाब आहे. तिचं मोल मान्य करूनही मी म्हणेन की मी ज्या रोजनिशीबद्दल बोलते आहे ती ही नव्हे.

आता दुःख कुरवाळण्याचा आरोप. यात थोडं तथ्य आहे. त्याच त्या अपमानावर रोज पानभर लिहिणारी माणसं मी पाहिली आहेत. पण तो दोष लिहिण्याचा नसून गोलगोल लिहिण्याचा आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांचा 1986 चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांना सलग चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटं लिहायला सांगितलं. आयुष्यातल्या क्लेशाची घटना आणि त्या वेळी काय वाटलं, अशी दोन्ही ज्यांनी लिहिली त्यांच्या पुढच्या महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा लाभ माफकच दिसला, म्हणून मी त्याला औषध म्हणणार नाही. मला त्यातली घटना आणि भावना यांची जोडी महत्त्वाची वाटते. काय झालं ते तारखेनिशी लिहिलं की भावनेला वाटेल तसं फुगता येत नाही.

हे मी अनुभवानं सांगते. काही वर्षांपूर्वी एका रात्री मी जावेबद्दल तावातावानं लिहीत होते. 'ही नेहमी ऐनवेळी अंग काढून घेते' असं लिहिलं आणि 'नेहमी' या शब्दापाशी पेन थबकलं. मागची पानं उलटली. वर्षभरात असं दोनदा घडलं होतं. त्याच पानांत मार्चमधली एक नोंद सापडली. सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा जाऊ सलग नऊ रात्री तिथं झोपली होती, आणि मी एकदाही गेले नव्हते. कारणही माझ्याच अक्षरात होतं, 'मला दवाखान्यातल्या रात्रीची भीती वाटते.' घरात सगळ्यांना मी पाठदुखीचं कारण सांगितलं होतं. ही वही कुणी उघडेल अशी पुसटशी शंका असती, तर तिच्यातही मी पाठदुखीच लिहिली असती, आणि वर्षभरानं ती मला स्वतःलाही खरी वाटली असती. त्या रात्री पुढं काही लिहिलं नाही. सकाळी जावेला फोन केला.

फोनमधले फोटो आणि स्टेटस यांबद्दल फार बोलायची गरज नाही. आपण कुठं होतो आणि काय खाल्लं ते त्यांत राहतं. चार लोकांनी पाहावं म्हणून ते ठेवलेलं असतं, आणि पाहणाऱ्याकडे बघूनच निवडलेलं असतं.

राहिला छापलेल्या डायऱ्यांचा मुद्दा. ॲन फ्रँकचं नाव यात हमखास येतं. तेराव्या वाढदिवसाला, 12 जून 1942 रोजी, तिला ती वही मिळाली. 28 मार्च 1944 ला तिनं रेडिओवर ऐकलं की युद्धानंतर सामान्य माणसांच्या डायऱ्या आणि पत्रं गोळा केली जावीत, असं परागंदा डच सरकारचा मंत्री म्हणतो आहे. त्यानंतर काही आठवड्यांतच तिनं सुट्या कागदांवर सगळं नव्यानं लिहायला घेतलं. लोकांसमोर जायचं ते तिनं वेगळं लिहिलं, यातच माझ्या म्हणण्याचा पुरावा आहे. मूळ वहीतल्या दोन पानांवर तर तिनं तपकिरी कागद चिकटवला होता. 2018 मध्ये संशोधकांनी आधुनिक छायाचित्रणाच्या मदतीनं त्याखालचा मजकूर वाचला आणि जाहीर केला. काही चावट विनोद आणि लैंगिक गोष्टींबद्दलचं कुतूहल, त्या वयात असतं तेवढंच. तिची डायरी मी तीनदा वाचली आहे आणि तिच्यावर माझं प्रेम आहे. तरीही मला वाटतं की तो कागद तसाच राहू द्यायला हवा होता. एका मुलीनं आपल्या हातानं झाकलेलं ते पान होतं.

आईबापांची काळजी मला कळते, मीही आई आहे. मूल अबोल झालं, जेवेनासं झालं, की त्याच्या वहीकडे हात जातो. पण वहीत डोकावून कळतं ते एकदाच. मुलाला सुगावा लागला की ते लिहिणं थांबवतं किंवा तुमच्यासाठी लिहायला लागतं, आणि मग कागदावरही खोटं बोलायला शिकतं. त्यापेक्षा शेजारी बसून विचारावं, उत्तर नाही आलं तर उद्या पुन्हा विचारावं. जिवावर बेतेल अशी खरीखुरी भीती असेल तर मात्र वही जरूर उघडावी, आणि उघडली हे त्याला त्याच दिवशी सांगावं. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल एकमतानं दिला. घरातल्या पोरांच्या दप्तराला तो आपणच लावायचा आहे.

माझी मुलगी यंदा नववीत आहे. दप्तराच्या आतल्या कप्प्यात तिची एक निळी वही असते. तिच्यावर कुठल्याही विषयाचं नाव नाही. आत काय लिहिलं आहे ते मला माहीत नाही.