बोधचिन्हावर अडकलेला मॉनिटर

मे महिन्यातली दुपार, वर्ध्याचा पारा 45 अंशांवर. जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात वीज गेली. जनरेटर सुरू व्हायला काही सेकंद लागले. तेवढ्यात बंद पडलेला मॉनिटर परत सुरू झाला, पण पडद्यावर कंपनीचे बोधचिन्ह आले आणि तिथेच थांबला. खाटेवर उष्माघाताचा रुग्ण, शेतात कोसळलेला मजूर. वॉर्डातल्या मामांनी बटण आठ-दहा वेळा बंद-चालू केले. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "सर, राहू द्या, मी हातानेच बीपी घेते." पुढचे कित्येक तास त्यांनी नाडी, रक्तदाब, तापमान कागदावर लिहिले. रुग्ण वाचला. मॉनिटरला 'मृत' ठरवून त्याच्या निर्लेखनाची भाषा मात्र दुसऱ्याच दिवशी सुरू झाली.

पाऱ्याच्या रक्तदाबमापकावर शिकलेल्या माझ्या पिढीला उपकरण 'बूट' होते हेच मुळी उशिरा कळले. आजचा मॉनिटर, सिरिंज पंप, व्हेंटिलेटर हे आतून छोटे संगणकच. त्यांचे सॉफ्टवेअर फ्लॅश मेमरीच्या चिपमध्ये असते. ही चिप विजेविना माहिती धरून ठेवते. अतिसूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार कोंडून. कप्पा पुन्हा पुन्हा पुसून लिहिला की झिजतो, उष्णतेत भार लवकर गळतो. आणि लिहिणे चालू असतानाच वीज गेली तर नोंद अर्धवट राहते. सुरू होताना उपकरण आपले सॉफ्टवेअर तपासते, बेरीज जुळली नाही तर पुढे जात नाही. म्हणजे अडकणे हा बऱ्याचदा सुरक्षेचाच भाग. चुकीचे आकडे दाखवणाऱ्या मॉनिटरपेक्षा गप्प मॉनिटर परवडला.

अशा वेळी पहिले काम रुग्णाचे: दुसरे उपकरण लावा, नसेल तर हात आणि घड्याळ आहेतच. मग उपकरणाचा 'पूर्वेतिहास' घ्या. वीज गेली होती का, पडद्यावर नेमके काय आले, कोणत्या टप्प्यावर थांबले? मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बटणाशी खेळणे थांबवा. अर्धवट लिहिलेल्या मेमरीवर दर वेळी नवा घाव बसू शकतो. मेमरीला दोष देण्याआधी अडॅप्टर आणि बॅटरी तपासायला सांगा, कारण व्होल्टेज कमी पडले तरी चिप चुकीचे वाचते. मेमरी कार्ड सैल असणे हेही कारण असू शकते. पुढचे काम अभियंत्याचे.

फ्लॅश मेमरीने मंगळावरही असाच घोळ घातला आहे. 21 जानेवारी 2004 रोजी नासाच्या 'स्पिरिट' यानाशी नीट संपर्क होईना. ते पुन्हा पुन्हा बूट होत होते, 60हून अधिक वेळा. फ्लॅशमध्ये साचलेल्या फायलींचा पसारा सांभाळताना त्याची कामचलाऊ मेमरी अपुरी पडत होती. अभियंत्यांनी त्याला फ्लॅश न वापरता सुरू व्हायला लावले, नको त्या फायली पुसल्या, शेवटी मेमरी नव्याने फॉरमॅट केली. ते यान 2010 पर्यंत बोलत राहिले. कोट्यवधी किलोमीटरवरून हे जमले, कारण मूळ सॉफ्टवेअरची प्रत आणि आत शिरायचा मार्ग त्यांच्या हाती होता.

आपल्याकडे नेमके तेच नसते. केंद्राचा जैववैद्यकीय उपकरण देखभाल कार्यक्रम 2015 पासून आहे, आणि तो चांगला आहे. पण उपकरणाचे सॉफ्टवेअर आणि सर्व्हिस पासवर्ड विक्रेत्याकडे असतील, तर जिल्ह्यातला अभियंता काय करणार? आपण निविदेत किंमत आणि हमीची वर्षे पाहतो. सॉफ्टवेअरची प्रत, सर्व्हिस मॅन्युअल आणि ते पुन्हा भरण्याचे प्रशिक्षण या अटीही त्यातच हव्यात. नाजूक उपकरणामागे यूपीएस हवा. आणि सॉफ्टवेअर नव्याने भरले की कॅलिब्रेशन तपासल्याशिवाय रुग्णाला जोडू नये, कारण कॅलिब्रेशनचे आकडेही काही वेळा त्याच चिपमध्ये असतात.

तो मॉनिटर नऊ दिवस कोपऱ्यात होता. अभियंता आला, लॅपटॉप जोडला, सॉफ्टवेअर नव्याने भरले, रक्तदाबाचे आकडे पडताळून पाहिले. तासाभराचे काम. निर्लेखनाचा अर्ज तोवर सहीसाठी टेबलावर पोहोचला होता.