छोट्या धंद्याचे संकेतस्थळ : हे काम कोणाचे?

हल्ली कोणतीही वस्तू घेण्याआधी ती मोबाइलवर शोधण्याची सवय खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचली आहे. त्यामुळे लहान दुकानदाराचेही संकेतस्थळ असावे, याविषयी फारसे दुमत राहिलेले नाही. प्रश्न आहे तो ते कसे असावे याचा. माझे स्पष्ट मत असे की, छोट्या धंद्याचे संकेतस्थळ हे निम्म्याहून अधिक भाषेचे काम आहे. आणि म्हणून ते आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांचेही काम आहे.

माझ्या घरचेच उदाहरण घेते. आमच्या घरी कोल्हापुरी चपला होतात. वडील कातडे कापतात, शिवतात. आई वेण्या घालते. कॉलेजची पायरी चढणारी घरातली मी पहिलीच. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानमध्ये तशाच घडणीच्या चपला मांडल्या, तेव्हा देशभर चर्चा झाली. परंतु ती चर्चा ऐकून जो माणूस खरी चप्पल शोधू लागतो, त्याला ती करणाऱ्याचे दार सापडते का? बहुधा नाही. सापडतो तो मधला व्यापारी.

छोट्या दुकानांची काही संकेतस्थळे मी मुद्दाम पाहिली. उघडल्याबरोबर मोठे हलते चित्र, त्याखाली दर्जाविषयीचे भारदस्त इंग्रजी वाक्य, आणि मालाच्या फोटोंखाली 'डिझाइन क्रमांक तीन'. किंमत नाही, दुकान कोणत्या वारी बंद ते नाही, पत्ता असलाच तर तो चित्रात कोरलेला. असा पत्ता सहज उतरवून घेता येत नाही, शोधयंत्राला नीट वाचता येत नाही, आणि अंध माणसाला त्याचा मोबाइल तो वाचून दाखवीलच असे नाही. मालकाची हौस होते, पण गिऱ्हाईक आल्या वाटेने परत जाते.

वास्तविक गिऱ्हाईकाला काय हवे असते? आमच्या दारात येणारा माणूस ठरावीकच प्रश्न विचारतो. चामडे कसे कमावले आहे? माझ्या मापाची मिळेल का? किंमत काय? पावसात चालेल का? वडील याची उत्तरे वर्षानुवर्षे देत आले आहेत. ती नीट लिहून काढली की संकेतस्थळाचा बराचसा मजकूर तयार होतो. चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले आहे; शिलाई चामड्याच्याच वादीची आहे, खिळा नाही; पावसात वापरू नये, भिजलीच तर सावलीत वाळवावी. माप कळवायचे तर कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने रेघ ओढावी आणि लांबी सेंटिमीटरमध्ये लिहावी. फोटोखाली 'कापशी', 'कुरुंदवाडी', 'पायताण' ही खरी नावे घालावीत, म्हणजे ती नावे टाकून शोधणाऱ्याला आपले दार सापडेल. शेजारचा पाहील म्हणून किंमत लपवू नये. ज्याला किंमत दिसत नाही तो बहुधा फोन न करताच पुढे जातो.

फोटो दिवसाच्या उजेडात आपल्याच मालाचे काढावेत, दुसऱ्याचे उचलू नयेत. मोबाइलवरचा फोटो पुष्कळदा चार-पाच एमबीचा असतो. तो दोनशे केबीच्या आसपास आणावा. जिथे रेंजचीच रड, तिथे जड पान उघडेपर्यंत कोण थांबणार?

आता भाषेविषयी. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन महाराष्ट्रात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक झाली. रस्त्यावर मराठी पाटी लावणारा दुकानदार संकेतस्थळावर मात्र पुष्कळदा एक ओळही मराठी ठेवत नाही. पूर्वी निरनिराळ्या फाँटांमुळे आपली अक्षरे दुसऱ्याच्या संगणकावर दिसत नसत. युनिकोडमुळे ती सबब उरलेली नाही. मी इंग्रजीच्या विरुद्ध नाही. बंगळुरूचे गिऱ्हाईक इंग्रजीतच वाचेल, म्हणून दोन्ही भाषा असाव्यात. परंतु केवळ इंग्रजी असेल, तर माझ्या वडिलांच्या नावाने काय वचने दिली आहेत, हे माझ्या वडिलांनाच कळणार नाही. दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर न वाचता अंगठा उठवण्याचे दिवस आमच्या आजोबांनी पाहिले. तेच पुन्हा नव्या रूपाने येऊ नये.

काही मित्र म्हणतात, इन्स्टाग्रामवर फुकट पान काढता येते, मग हा खर्च कशाला? ते पान जरूर असावे. गूगलच्या नकाशावरही दुकानाची नोंद विनामूल्य होते, तीही करावी. परंतु ते दुसऱ्याच्या वाड्यातले बिऱ्हाड झाले. नियम वाड्याच्या मालकाचे. संकेतस्थळाचे नाव मात्र ठरलेले शुल्क वेळच्या वेळी भरून आपल्याकडे राखता येते. ते धंदेवाल्याच्याच नावावर आणि त्याच्याच ई-मेलवर नोंदवलेले असावे, हे फार महत्त्वाचे. आमच्या ओळखीच्या एका दुकानदाराच्या संकेतस्थळाचे नाव ते बनवणाऱ्याने स्वतःच्या नावावर घेतले. पुढे तो फोन उचलेनासा झाला, मुदत संपली आणि संकेतस्थळ बंद पडले.

'बी.ए. करून काय करणार?' हा प्रश्न आम्हाला घरीदारी विचारला जातो. माझे उत्तर असे की, प्रश्न नीट ऐकणे, उत्तर थोडक्यात व खरे लिहिणे, एका भाषेतले दुसऱ्या भाषेत नेणे हेच आम्ही येथे शिकतो, आणि आमच्या आईवडिलांच्या धंद्याला आज त्याचीच गरज आहे. संकेतस्थळ उभारून देणारे पुष्कळ भेटतील, पण त्यात काय लिहावे हे घरच्या माणसाइतके त्यांना कळणार नाही. आमच्या वर्गात कुंभाराची, शिंप्याची, गुऱ्हाळवाल्याची मुले आहेत. माझी प्राध्यापकांना नम्र विनंती आहे की, पुढील वर्षी मराठीच्या प्रकल्पासाठी प्रत्येकाला एका कारागिराच्या संकेतस्थळाचा मजकूर लिहावयास द्यावा, आणि गुण देण्यापूर्वी तो त्या कारागिराला वाचून दाखवावा.

(द्वितीय वर्ष, कला)