पोटापुरते पुणे

गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी पिशवी घेऊन आम्ही उभयता आणि आमची अकरा वर्षांची नात असे लिफ्टमधून खाली उतरत होतो. शेजारच्या गृहस्थांनी विचारले, "काय, कुठे बाहेरगावी?" मी म्हणालो, "पुण्याला." गृहस्थ माझ्याकडे पाहतच राहिले. त्यांचेही बरोबरच होते. आमचे महाळुंगे २०२१ सालापासून पुणे महानगरपालिकेच्याच हद्दीत आहे. म्हणजे पुण्यातून पुण्यालाच दोन दिवस मुक्कामाला निघालेले आम्ही बहुधा पहिलेच प्रवासी असू!

पण खरे सांगायचे तर महाळुंग्याच्या विसाव्या मजल्यावरून पुणे दिसते, हाताला लागत नाही. गाव मुळेच्या काठचे, हवा मोकळी, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेली क्रीडानगरी शेजारी, चिरंजीवांची कचेरी हिंजवडीला. सुखाला तोटा नाही. फक्त कोथिंबिरीची एक जुडी हवी असली, की मोबाईलवर बोट टेकवावे लागते किंवा मोटार बाहेर काढावी लागते. नारायण पेठेतले बिऱ्हाड मोडून आम्ही इकडे आलो त्याला चार वर्षे झाली. तेव्हापासून "जरा कोपऱ्यावर जाऊन येते" हे वाक्य सौ.च्या तोंडून मी ऐकलेले नाही.

निमित्त झाले आक्काच्या फोनचे. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. वय पंचाहत्तर, राहणार तोच नारायण पेठेतला वाडा, जिना लाकडी, आवाज खणखणीत. "दिवाळीनंतर वाडा पाडताहेत रे. नवी इमारत व्हायला तीन वर्षं म्हणतात, म्हणजे पाच धर. एकदा येऊन राहून जा," ती म्हणाली. तोवर तिने आमच्याकडे यावे असे मी सुचवले. त्यावर ती म्हणाली, "ते मग बघू. आधी तुम्ही या. आणि येताना पोट रिकामं ठेवून या."

शिवाजीनगरपर्यंत बसने आलो आणि मेट्रोत बसलो. मुठा नदीच्या खालून जाणारी ही गाडी २९ सप्टेंबर २०२४ पासून मंडईवरून स्वारगेटला जाऊ लागली आहे. ज्या मंडईत पोहोचायला एरवी तासभर रहदारीशी झगडावे लागते, तिच्या पायथ्याशी आम्ही काही मिनिटांत जमिनीतून उगवलो. नातीने मनगटावरचे घड्याळ दाखवून जाहीर केले, "आजोबा, आता मी पावलं मोजणार." मी म्हटले, "मोज. मी घास मोजतो."

पहिला मुक्काम तुळशीबागेतल्या श्रीकृष्ण भुवनात. पुण्यात मिसळीबरोबर पावापेक्षा स्लाइसला मान, हे नातीला नवीन होते. दोन दिवस खात हिंडायचे असेल तर माझा एक नियम वाचकांनी टिपून ठेवावा: बशी एक, चमचे तीन. पहिल्याच ठिकाणी ज्याने दोन मिसळी एकट्याने संपवल्या, त्याची सहल तिथेच संपली म्हणून समजावे. रश्श्याने नातीच्या डोळ्यांत पाणी आले, तरी तिने चमचा खाली ठेवला नाही. घराण्याचे नाव राखले!

तिथून मंडई. ही वास्तू १८८६ सालची. मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्यातून फुटलेल्या शाखा. पूर्वी तिला रे मार्केट म्हणत. गंमत अशी, की महात्मा फुले पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते तेव्हा त्यांनी या बांधकामाला विरोध केला होता. एवढा पैसा बाजाराच्या इमारतीवर घालण्यापेक्षा शिक्षणावर खर्चा, असे त्यांचे म्हणणे. आणि पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने मंडईला नाव मिळाले ते त्यांचेच. मी हा इतिहास नातीला सांगत असताना सौ. मात्र एका भाजीवालीशी आळूच्या पानांवरून वाद घालीत होती. चार वर्षांत इतक्या आनंदाने भांडताना मी तिला पाहिले नव्हते. मोबाईलवर भाजी मिळते, पण घासाघीस मिळत नाही!

दुपारी वाड्यात आक्काचे वरणभात, आळूचे फदफदे आणि वामकुक्षी. वामकुक्षीवरून आठवले. दुपारी एक ते चार चितळ्यांचे दुकान बंद, यावर पुण्याची निम्मी थट्टा बेतलेली असे. २०१७ पासून ते दुपारीही उघडे राहते. बाकरवडी तीच आहे, पण थट्टेची चव गेली ती गेलीच.

संध्याकाळी अमृततुल्य. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी मंडळींनी पुण्याला दिलेली ही देणगी. पितळी पातेले, त्यात दुधासकट उकळणारा चहा, बत्त्याने कुटलेले वेलदोडे-आले आणि फडक्यातून गाळताना होणारा तो लयबद्ध ठेका. या चहाचा खरा उपयोग दोन खाण्यांमध्ये अंतर पाडण्यासाठी. त्यानंतर निंबाळकर तालमीजवळ मस्तानी. आटीव दूध आणि वर आइस्क्रीम. "हिचं नाव मस्तानी का?" या नातीच्या प्रश्नाला आक्काने उत्तर दिले, "एकदा आवडली की घरच्यांचं ऐकत नाही माणूस, म्हणून!" इतिहास संशोधकांनी नोंद घ्यावी.

रविवारी मुंजाबाच्या बोळात बेडेकरांची मिसळ. ही किंचित गोडसर, कालचीपेक्षा स्वभावाने निराळी. दोन्हीतली श्रेष्ठ कोणती, यावर आमच्या घरात दोन तट पडले आहेत आणि ते तसेच राहावेत. मग लक्ष्मी रस्त्याने पूना गेस्ट हाऊस. मूकपटांच्या जमान्यातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ साली ते सुरू केले. तिथे थालीपीठ. मग उलट फिरून लकडी पूल. पानिपतानंतर लाकडाचा बांधला म्हणून लकडी, आणि त्या १७६१ नंतर बरोबर दोनशे वर्षांनी, १२ जुलै १९६१ ला, पानशेतच्या पुराने याच काठच्या पेठा धुऊन नेल्या. आक्का तेव्हा लहान होती. ते पाणी तिला अजून आठवते. पूल ओलांडून डेक्कनवर गुडलक. हेही १९३५ चेच, इराणी. तिथे बनमस्का आणि चहा. इथे नातीने घड्याळ पाहिले. दोन दिवसांची पावले एकवीस हजार. "आणि घास?" तिने विचारले. मी प्रामाणिकपणे हिशेब सोडून दिला होता.

एवढे चाललो कसे, याचा मी नंतर विचार केला. पेठा मुळी चालणाऱ्यांसाठीच वसल्या. सोमवारपासून रविवारपर्यंत वारांची नावे असलेल्या या वस्त्यांमध्ये खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. कासारांची तांबट आळी, टोपल्यांची बुरूड आळी. पेशव्यांनी कात्रजहून नळाने पाणी आणले तेही हौदांत सोडले, म्हणजे घागर घेऊन चालत जाता येईल इतक्या अंतरावर. दर शंभर पावलांवर काहीतरी घडते, म्हणून हजार पावले जाणवत नाहीत.

पण पेठांचे नुसते गोडवे गाणे खोटेपणाचे होईल. दोन दिवसांत सौ. दोनदा पदपथावरून उतरताना अडखळली. कुठे पदपथावर दुचाक्या, कुठे रोहित्र, कुठे पदपथच नाही. आक्का तर सरळ रस्त्याच्या मधून चालते. "कडेला जास्त धोका," म्हणते. महानगरपालिकेने २०१६ साली पादचाऱ्यांसाठी धोरण मंजूर केले. २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळतात आणि लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा वाहनांना बंद ठेवतात. चांगलेच आहे. पण वर्षाचे उरलेले तीनशे चौसष्ट दिवस पुणेकराने काय उडत जावे?

रविवारी रात्री निघताना मी आक्काला पुन्हा विचारले, "मग दिवाळीनंतर येतेस ना महाळुंग्याला?" ती कुलूप चाचपत म्हणाली, "येईन. पण एक सांग. तुमच्या त्या इमारतीतून उतरून मला माझी मी कोथिंबीर आणता येईल का? तेवढं येत असेल तर येते. नाहीतर हडपसरला पुतण्या आहेच." पुतण्याचे घर तळमजल्यावर आहे आणि समोर बाजार. मला उत्तर देता आले नाही. सौ. जिन्यात थांबून एवढेच म्हणाली, "वन्सं, आठ दिवस द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पायात चपला घातल्या. "चला, गाव कुठंय ते बघू." चार वर्षांत आम्ही महाळुंग्याचे गावठाण पाहिले नव्हते! फाटकापासून जुने गाव सात मिनिटांवर निघाले. त्यातली पाच मिनिटे रस्ता ओलांडण्यासाठी उभे राहण्यात गेली. ना पट्टे, ना सिग्नल, ना थांबण्याची कुणाला इच्छा. पलीकडे मात्र देऊळ, पाराखाली भाजी घेऊन बसलेल्या दोन बाया आणि चक्क पिठाची गिरणी. सौ.ने गिरणीवाल्याला विचारले, "चकलीची भाजणी दळता का?" तो म्हणाला, "आणा की, मावशी. पण गव्हावर नाही घालणार, तांदळावर घालीन." सौ.ने माझ्याकडे असे पाहिले, की जणू तिला माहेरचे माणूस भेटले.

त्या संध्याकाळी मी अर्ज लिहिला. आमच्या फाटकासमोर पादचाऱ्यांसाठी पट्टे आखावेत, सिग्नल बसवावा, निदान सकाळ-संध्याकाळ एक माणूस उभा करावा. नातीने सोसायटीत हिंडून सह्या गोळा केल्या. सव्वाशे झाल्या. लिफ्टमधल्या त्या गृहस्थांनीही केली. सही करता करता म्हणाले, "पलीकडे गिरणी आहे? हे ठाऊकच नव्हतं!" अर्ज दिला आहे, पोच मिळाली आहे, पट्टे अजून मिळालेले नाहीत. दर सोमवारी मी चौकशीला जातो.

आठव्या दिवशी सौ.ने आक्काला फोन लावला. "वन्सं, कोथिंबीर सात मिनिटांवर आहे, गिरणीही आहे. रस्ता तेवढा अजून झालेला नाही. तोवर मी तुमचा हात धरून नेईन." पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग आक्का म्हणाली, "भाजणी आणलीस दळून? मग सोऱ्या मी घेऊन येते. तुझ्या सोऱ्याची चकली कधी धड पडली नाही."