पाप मशीनचं की प्रमादाचं?



गेल्या चतुर्दशीला स्वाध्याय संपल्यावर मंडळात गप्पा निघाल्या आणि विषय कपडे धुण्यावर आला. एका काकूंनी सगळ्यांसमोर एका नव्या सुनेला विचारलं, "तुझ्याकडं मशीन आहे म्हणे? अगं, एका वेळेला किती जीव जातात, कधी विचार केलास?" ती खाली मान घालून बसली. बाळंत होऊन तिला जेमतेम चार महिने झालेत, त्यात पाठीचं दुखणं. परवा कळलं, की तिनं मशीनवर चादर टाकलीय आणि बाळाच्या दुपट्यांपासून सासऱ्यांच्या धोतरापर्यंत सगळं हातानं धुतेय.

त्या दिवशी मी गप्प बसले. काकू वयानं मोठ्या, आणि त्यांच्या मनात जीवदयाच होती. पण माझं गप्प बसणं मला टोचत राहिलं, म्हणून आज लिहितेय.

आधी माझी चूक सांगते. आमच्याकडं टॉप लोड मशीन आहे, बरीच वर्षं झाली. कपडे टाकायचे, मूठभर जास्तच पावडर घालायची, बटण दाबायचं, कपडे काढले की झाकण बंद करून वर कव्हर घालायचं. एवढंच मला येत होतं. एकदा दशलक्षण पर्वात यांच्या पूजेच्या पांढऱ्या दुपट्ट्यावर काळे कण चिकटून आले. झटकले तर पुसट डाग पडले. आधी वाटलं पाणी खराब. मेकॅनिकला बोलावलं. त्यानं तळाची फिरणारी चकती काढली, ड्रम बाहेर घेतला आणि म्हणाला, "वैनी, हे बघा." ड्रमच्या बाहेरच्या बाजूला काळा, चिकट, वास मारणारा थर होता. बुरशी, साबणाचा साका, धागे, अंगाचा मळ, सगळं एकत्र.

मी पाणी गाळून पिणारी बाई. रात्री न खाणारी, कंदमुळं न शिजवणारी. आणि माझ्याच घरात, माझ्याच आळसानं, जीवांची एवढी मोठी वसाहत मी वाढवली होती! आता ती साफ करायची म्हणजे गरम पाणी आणि औषध. ते केलंच, दुसरा मार्ग नव्हता. पण हात थरथरला. त्या संध्याकाळी प्रतिक्रमणात तेच डोळ्यांसमोर येत होतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. दोष मशीनचा नाही, प्रमादाचा आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्या करताना उमास्वामींनी सुरुवातच प्रमादापासून केलीय. आपल्या आचारात संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी अशी चार प्रकारची हिंसा सांगितलीय. कपडे धुणं ही आरंभी हिंसा. संसारात ती पूर्ण सुटत नाही, यत्नानं कमी करता येते. मग ती बादलीत होवो की मशीनमध्ये.

हातानं धुतलं की पाप नाही, असंही कुठं आहे? गाळलेलं पाणी 48 मिनिटांनी परत गाळायचं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. आणि साबणात कपडे रात्रभर भिजत घालून सकाळी धुणाऱ्या आपल्यात कितीजणी आहेत! अष्टमी-चतुर्दशीला धुणं टाळायचं व्रत घेतलंय त्यांनी ते जरूर पाळावं. पण मग घामाचे ओले कपडे बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. दोरीवर पसरून वाळवून ठेवावेत.

मशीन चुका करत नाही, असंही माझं म्हणणं नाही. पूर्ण धुण्याला टॉप लोडला सहज शंभर लिटरच्या पुढं पाणी लागतं आणि ते नळाचं थेट येतं. पाइपच्या तोंडाशी असते ती जाळी वाळू-कचरा अडवायला, तिला आपल्या दुहेरी गाळण्याची सर नाही. म्हणून पूजेचे कपडे मी तेव्हापासून गाळलेल्या पाण्यात हातानंच धुते. बाकीच्यासाठी रोज अर्धं मशीन लावण्याऐवजी दोन-तीन दिवसांनी एकदा पुरतं लावते. शेवटच्या खळबळण्याचं पाणी पिंपात धरून संडासाला आणि अंगण धुवायला वापरते.

आता यत्न कसा करायचा, ते सांगते. यात अवघड काही नाही.

मशीन लावण्याआधी झाकण उघडून आत बघा. चार दिवस बंद असलेल्या मशीनमध्ये पाल, झुरळ, मुंग्या असू शकतात. कपडे एकेक झटकून टाका, खिसे बघा. मशीनचा तळ उघडा असेल तर तिथून उंदीर शिरतो, वायरी कुरतडतो आणि स्वतःही मरतो. तळाला जाळी किंवा पत्रा बसवून घ्या. वायरीही वाचतात, जीवही वाचतो.

कपडे कोंबू नका. वर हातभर नाही तरी वीतभर जागा राहू दे, म्हणजे कपडे फिरतात. पावडर पुडीवर लिहिलीय तेवढीच, किंबहुना थोडी कमी. जास्त फेसानं कपडे जास्त स्वच्छ होत नाहीत, उरलेला साका ड्रममागं बसतो आणि बुरशीचं खाणं होतो.

धुणं झालं की कपडे लगेच काढा. धागे अडकवणारी जाळीची पिशवी दर वेळी उलटी करून धुवा, फाटली तर बदला. रबराच्या कडा आणि पावडरचा कप्पा कोरड्या फडक्यानं पुसा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, झाकण उघडं ठेवा. आतलं कोरडं झालं की मग हवं तर कव्हर. घरात लहान मूल असेल तर त्या खोलीचं दार लावून घ्या.

महिन्यातून एकदा ड्रम साफ करण्याचा प्रोग्राम रिकाम्या मशीनवर लावा. बोअरचं जड पाणी असेल तर क्षार काढायची पावडर माहितीपुस्तकात सांगितल्याप्रमाणे वापरा. ती पावडर आणि ब्लीच मात्र कधीही एकत्र घालू नका, विषारी वायू होतो. दर महिन्याची थोडी सफाई ही नंतरच्या मोठ्या हिंसेपेक्षा केव्हाही बरी.

मेकॅनिकला फोन करण्याआधी काही गोष्टी घरीच बघता येतात. प्लग आधी काढायचा, हात कोरडे हवेत. पाणी हळू भरत असेल तर नळ बंद करून पाइप सोडवा, तोंडाशी असलेली जाळी अलगद काढून जुन्या ब्रशनं घासा. पाणी जात नसेल तर मागचा पाइप मुडपलाय का, वर उचलून ठेवलाय का, ते बघा. बऱ्याच टॉप लोडमध्ये पाणी वर चढवणारा पंप नसतो, ते उतारानंच जातं. पिळताना मशीन धडधडत असेल किंवा थांबत असेल, तर बहुधा जाड चादर एका बाजूला गोळा झालेली असते. उघडून कपडे सारखे पसरा. तरीही हलत असेल तर चारी कोपरे दाबून बघा, एखादा पाय अधांतरी असेल. तो फिरवून टेकवा. झाकण नीट लागलं नसेल तरी पिळणं सुरू होत नाही. मात्र हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर प्रयोग करत बसू नका. घरचा मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

एवढं करायला रोजची पाच मिनिटं लागतात. वाचलेला तास कुठं जातो, तो हिशोब मात्र ज्याचा त्यानं ठेवायचा. सिरियलमध्ये गेला तर मशीननं काय साधलं? एका सामायिकाला 48 मिनिटं पुरतात.

काकूंना भेटून मी हे सांगणार आहे, पाया पडून आणि शांतपणे. त्यांची जीवदया खरीच आहे. पण थकलेल्या बाळंतिणीचा जीवही जीवच ना? तिच्या दुखऱ्या पाठीला अहिंसेतून वगळायचं कुणी ठरवलं?

आणि त्या पोरीला एवढंच सांगायचंय. बाई गं, मशीनवरची ती चादर आज काढ. आत ओल राहिली असेल तर तिच्याखाली काय वाढतंय, ते मी बघितलंय. झाकण उघड, फडक्यानं पूस, वारा लागू दे. मग बाळाची दुपटी त्यात टाक आणि तू जरा पाठ टेक.