घडलो, पण कोणत्या रकान्यात?

एम. ए.च्या चौथ्या सत्राची परीक्षा जवळ आली की आमच्या विभागात एक कागद फिरू लागतो. 'अभ्यासक्रमामुळे माझ्या व्यक्तिमत्त्वात झालेला विकास' हा त्याचा मथळा. आत्मविश्वास, संवादकौशल्य, नेतृत्व, मूल्यभान या रकान्यांपुढे एक ते पाच गुण द्यायचे आणि तळाशी पाच ओळींचे मनोगत लिहायचे. विद्यार्थी तो भरतात, आम्ही गोळा करतो आणि 'नॅक'च्या फायलीत लावतो. तीनच्या खाली गुण क्वचितच दिसतात. दरवर्षी सगळेच घडलेले असतात.

आमचे भांडण कागदाशी कमी आणि त्यातल्या गोष्टीशी जास्त आहे. आधी मी बुजरा होतो, मग इथे आलो, आता आत्मविश्वासाने उभा आहे, अशी ही सरळ चढणीची गोष्ट. वर्गात ज्या गोष्टीकडे संशयाने पाहायला आम्ही शिकवतो, तीच शेवटी मुलांकडून लिहून घेतो.

'बलुतं' (१९७८) आठवावे. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. शिकलेला लेखक आणि त्याच्याच आतला दगडू यांना समोरासमोर बसवल्यावाचून ती सांगताच येत नाही. शिक्षणाने माणूस वर आला, एवढेच त्या पुस्तकाला म्हणायचे असते, तर ते पाच ओळींच्या मनोगतात मावले असते. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'तही सोवळ्याओवळ्याचे संस्कार गळून पडतात. पण ते सांगताना बाई स्वतःच्या जुन्या हट्टांना हसत असतात. ही पुस्तके शिकवून झाल्यावर आम्ही मुलांपुढे रकाने ठेवतो, आणि यातली विसंगती आम्हांला टोचतही नाही.

यावर सहकारी म्हणतात, घरातल्या पहिल्या पदवीधर मुलीला चारचौघांत बोलता येऊ लागणे ही काय लहान गोष्ट आहे? मुळीच नाही. आमच्यापैकी काहींची सुरुवात तिथूनच झाली आहे. पण ते धैर्य वक्तृत्वस्पर्धेतूनही मिळू शकते. साहित्याच्या अभ्यासाने जे विशेष घडावे, ते म्हणजे आपलेच मत तपासून मागे घेता येणे. त्याला कागदावर जागा नाही. पुढे नेट-सेटलाही ती नाही. २०१२पासून नेटमध्ये फक्त पर्याय निवडायचे असतात.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने मनोगतात लिहिले होते, की पहिल्या सत्रात 'कोसला'वर लिहिलेला निबंध तिला आता वाचवत नाही. पांडुरंग सांगवीकरला तिने त्यात आळशी ठरवले होते, आणि मनीच्या मृत्यूची पाने परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची नाहीत म्हणून भराभर उलटली होती. आत्मविश्वासापुढे तिने स्वतःला दोन गुण दिले होते. फाईल तपासताना कोणीतरी सुचवले, 'दोनाचे चार करून घ्या, बरे दिसत नाही.' तिला बोलावण्यात आले. तिने निमूटपणे आकडा बदलला. आम्ही तिथेच उभे होतो आणि काही बोललो नाही. त्या वर्षी विभागात झालेली सर्वांत खरी वाढ आमच्या डोळ्यांदेखत खोडली गेली.

म्हणून आमची मागणी साधी आहे. रकाने हवेच असतील तर राहोत. पण सोबत एक कोरे पान द्यावे. पहिल्या सत्रातला स्वतःचा एक निबंध विद्यार्थ्याने पुन्हा वाचावा आणि त्यातले काय आज मागे घ्यावेसे वाटते, ते लिहावे. त्यावर गुण असू नयेत. पहिले पान आम्ही प्राध्यापकांनी लिहावे. वीस-वीस वर्षे त्याच टिपणांवर शिकवणाऱ्या आम्हांला मागे घेण्यासारखे पुष्कळ सापडेल. त्या मुलीच्या आकड्यापासूनच सुरुवात करता येईल.